प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा पहिला भाग : मूल्यमापनाचे निकष

प्रस्तावना :
प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका अर्थात सिटकॉम हा अमेरिकी दूरचित्रवाणीवर रुजलेला लोकप्रिय प्रकार होय. ठरावीक स्थळ, ठरावीक पात्रे आणि साधारणतः अर्ध्या तासाचा भाग ही त्याची ओळख. पहिल्या भागावरून वाहिनी मालिकेचे भवितव्य ठरविते आणि माध्यमविषयक अभ्यासक्रमातील विद्यार्थी परीक्षण लिहितात. परंतु पहिला भाग ही स्वयंपूर्ण कलाकृती नसून पुढील भागांची पायाभरणी असते. त्यामुळे त्यातील कोणता दोष मूळचा व कोणता दुरुस्त होण्याजोगा, हे ओळखणे हाच मूल्यमापनाचा गाभा होय, असे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

उदाहरणे :
'साइनफेल्ड' या मालिकेचा पहिला भाग एनबीसी वाहिनीवर ५ जुलै १९८९ रोजी प्रसारित झाला. निवडक प्रेक्षकांसमोर घेतलेल्या चाचणीत तो फिका ठरला होता. त्यात इलेन हे पात्रच नव्हते. तथापि, एका स्त्रीच्या साध्या वागण्याचा अर्थ लावताना जेरी आणि जॉर्ज घालत असलेला काथ्याकूट, म्हणजे या मालिकेच्या विनोदाचा मूळ झरा, त्यात स्पष्ट दिसतो. वाहिनीचे अधिकारी रिक लुडविन यांनी विशेष कार्यक्रमांच्या निधीतून आणखी ४ भागांची सोय केली. इलेन आली आणि मालिका १९९८ पर्यंत चालली. केवळ चाचणीवर विसंबून राहिले असते, तर ती तेथेच संपली असती.

याउलट ३० सप्टेंबर १९८२ रोजी आलेल्या 'चिअर्स'चा पहिला भाग आरंभापासूनच बांधीव होता. वाग्दत्त वराने सोडून दिलेली, विद्वत्तेचा अभिमान बाळगणारी डायन ही माजी बेसबॉलपटू सॅमच्या मद्यालयात नोकरी पत्करते. दोघांतील ताण आणि एकत्र राहण्याचे कारण एकाच भागात सिद्ध होते. तरीही पहिल्या पर्वास प्रेक्षक अल्पच लाभले. पुढे मालिकेची ११ पर्वे झाली. म्हणजे प्रेक्षकसंख्या हाही निर्णायक निकष नव्हे.

'द ऑफिस'च्या अमेरिकी आवृत्तीचा पहिला भाग (२४ मार्च २००५) हा २००१ मधील ब्रिटिश भागावर जवळजवळ तंतोतंत बेतला होता. स्टेपलर जेलीत घालण्याची खोडीसुद्धा तीच. दोष उसनेपणाचा होता. दुसऱ्या पर्वात मायकेल स्कॉट या पात्रास अधिक माणुसकी लाभली आणि तो दोष दूर झाला.

निकष :
वरील विवेचनावरून तीन प्रश्न हाती येतात :
१) ही माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येण्यास सबळ कारण आहे काय?
२) त्यांच्यातील ताण भाग संपल्यावरही शिल्लक राहतो काय?
३) विनोद स्वभावातून उपजतो, की तेच वाक्य कोणत्याही पात्राच्या तोंडी चालले असते?

यांची उत्तरे नकारार्थी असतील तर तो दोष मूळचा समजावा. मग भाग कितीही हसविणारा असो. अभिनयातील अवघडलेपण, दुय्यम पात्रांची उणीव वा मंद गती हे मात्र दुरुस्त होण्याजोगे दोष होत.

समारोप :
पहिल्या भागात किती हसू आले, यापेक्षा दहाव्या भागास पुरेल एवढे त्यात काय आहे, हे विचारणे अधिक न्याय्य ठरते. विद्यार्थ्यांची परीक्षणे तपासतानाही अध्यापकांनी 'आवडले' वा 'आवडले नाही' या निवाड्यापेक्षा या विवेकास अधिक गुण द्यावेत, असे सुचवावेसे वाटते.