रक्तपेशींची ओळख परेड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रक्ताच्या कर्करोगावर लिहावे, हा कोणाला आगाऊपणा वाटेल. परंतु गेल्या वर्षी मामांच्या तपासणीचा कागद घरी आला आणि त्यावरील 'सीडी ५', 'सीडी १९' ही अक्षरे कोणालाच उलगडेनात. तेव्हा विचारपूस करून जे समजले, ते येथे मांडतो.

रक्तातील लिम्फोसाइट पेशींच्या बी आणि टी या दोन प्रमुख जाती. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्यूकेमियात एकाच बी पेशीची संतती साचत जाते. पण नुसत्या रूपावर विसंबणे धोक्याचे. कारण मँटल सेल लिम्फोमा हा बहुधा अधिक आक्रमक रोगही कधी कधी असाच दिसतो, आणि त्याचे उपचार निराळे.

म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने तपासतात. कोह्लर व मिलस्टीन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये एका ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. मग प्रयोगशाळागणिक एकाच प्रथिनाला वेगवेगळी नावे पडू लागली. घरी बंडू, शाळेत विनायक, तसा प्रकार! १९८२ च्या पॅरिस येथील परिषदेपासून 'सीडी' हे क्रमांक रूढ झाले. चकाकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळली, की एकेक पेशी लेसर किरणासमोरून जाते आणि यंत्र तिच्या खुणा टिपते.

या रोगातील पेशींवर सीडी १९ असते, म्हणजे जात बी. गंमत अशी की, एरवी टी पेशींवर आढळणारे सीडी ५ ही त्यांच्यावर असते. सीडी २३ असते. सीडी २० मात्र फिकट. शिवाय प्रत्येक बी पेशीच्या प्रतिपिंडात कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकच साखळी असते. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात; येथे सगळ्या एकाच प्रकारच्या, म्हणजे एकाच घराण्यातल्या.

मँटल सेलमध्येही सीडी ५ असते, परंतु सीडी २३ बहुधा नसते. एकच खूण पुरत नाही, म्हणून १९९४ साली लंडनमध्ये एस्टेला माट्यूटेस व सहकाऱ्यांनी पाच खुणांना गुण देण्याची पद्धत मांडली. चार-पाच गुण पडले, तर निदान बहुतेक पक्के.

मामांच्या पहिल्या कागदावर सीडी २३ चा उल्लेखच नव्हता. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करवली. तो आठवडा घरात कोणी धड जेवले नाही. पाचपैकी पाच गुण आले. सध्या औषध नाही; दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, एवढेच.