अष्टमी बघून देवबागला

कोल्हापूरला समुद्र नाही, पण एकेकाळी होता. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला करवीर छत्रपतींच्या अमलाखाली होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले, पण पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरला परत मिळाला. १८१२ च्या तहात मात्र किल्ला आणि बंदर दोन्ही कायमचे गेले. राज्याचा समुद्र सुटला, तरी कोल्हापूरकराची त्या किनाऱ्याची वाट सुटली नाही. शनिवारी सकाळी फोंडा घाट उतरणाऱ्या एमएच ०९ च्या गाड्या बघितल्या की याची खात्री पटते.

यातल्या बहुतेक गाड्या मालवणला किल्ला बघतात, तारकर्लीला पाण्यात डुंबतात, सुरमईचे ताट संपवतात आणि रविवारी संध्याकाळी घाट चढतात. तारकर्लीच्या पुढे, रस्ता संपतो तिथपर्यंत जाऊन एक अख्खी संध्याकाळ खाडीच्या पाण्यावर काढणारे थोडेच. ती संध्याकाळ काढावी, म्हणून हा परिचय.

देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडाच्या बागा, घरे, एक रस्ता. पुढच्या अंगणात लाटांची गाज आणि मागच्या दारी माडाला बांधलेली होडी, असा इथला संसार. पट्टीच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते आणि संगमापलीकडे भोगव्याचा डोंगर उभा राहतो. नदी वाळू आणते, समुद्र ती मागे लोटतो. या रेट्यात इथले वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. पर्यटक ज्याला ‘त्सुनामी बेट’ म्हणतात तोही असाच एक दांडा. पावसाळी उधाणात समुद्र किनारा खातो, म्हणून जागोजागी दगडी बंधारे दिसतात.

गोडे आणि खारे पाणी मिसळते तिथे मासळी जमते. भरतीबरोबर कोळंबी आणि बारीक मासे आत शिरतात आणि त्यांच्या मागावर तांबोशी, पालू, शिंगाळे येतात. खाडीत जरा आत खडपांच्या कडेला काळुंदर मिळते. हे मासे गरीने, म्हणजे आपल्याकडच्या गळाने, धरायची इथली रीत जुनी आहे. कयाक मात्र अलीकडे पर्यटनाबरोबर आली. ही बैठी, लांबट, प्लास्टिकची होडी दुहेरी वल्ह्याने चालते. इंजिन नसल्याने आवाज नाही, तेलाचा वास नाही आणि बसल्या जागेवरून हात सहज पाण्याला लागतो.

तरी कयाकपेक्षा महत्त्वाची आहे ती वेळ. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, त्यामुळे पाण्याची ओढही कमी. त्यातून शुद्ध अष्टमी असेल तर सूर्य बुडताना अर्धा चंद्र माथ्यावर असतो. आम्ही मित्र गेलो ते कार्तिकातल्या अशाच अष्टमीला.

साडेचारला कयाक पाण्यात गेल्या. दुपारभर समुद्रावरून येणारे खारे वारे मंदावत होते. बरोबर गावातले एक काका स्वतःच्या होडीतून. त्यांनी आम्हाला संगमाच्या अलीकडे, पाण्याचा रंग बदलतो त्या रेषेवर थांबवले. दोरीला शिसे, गरीला सोललेली कोळंबी. शिसे तळाला टेकले की वीतभर वर उचलायचे आणि दोरी तर्जनीवर घेऊन बसायचे. बारीक मासा टिचक्या मारतो, मोठा मासा सरळ खेचतो. आमच्यातल्या एकाची दोरी खेचली गेली तशी कयाकचे नाकच गर्रकन वळले. “भावा, होडीच ओढतंय की रं!” पाण्यावरून कोल्हापुरी आरोळी गेली. वर आला शिंगाळा. काकांनी लांबूनच हात वर केला: “हात लावू नको!” शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे विषारी काटे असतात, ते लागले की हात ठणकतो. जवळ येऊन त्यांनी ओल्या फडक्याने मासा मागून दाबला, गरी उलटी फिरवून काढली आणि मासा पाण्यात सोडला. मग एक तांबोशी मिळाली, दोन काळुंदरे मिळाली. रात्रीच्या तव्यापुरते झाले.

सूर्य टेकला, पाणी थबकले. आम्हाला अजून बसायचे होते. काकांनी आमच्या दोरीकडे पाहिले. ती आता समुद्राकडे तिरपी झाली होती. “सुकती लागली हा, फिरा मागे.” ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढते आणि परतीचे वल्हे त्याच्या विरुद्ध मारावे लागते. रात्री जमिनीवरून सुटणारे मतलई वारेही बाहेरच ढकलतात. भांगाच्या दिवशी ही ओढ झेपते. उधाणाच्या ओहोटीत संगमावर कयाक नेणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून स्थानिक माणसाशिवाय आणि लाइफ जॅकेटशिवाय इथे उतरूच नये. पोहता येते, रंकाळ्यात, पंचगंगेत पोहलो आहोत, हा भरवसा इथे कामाचा नाही.

दुसरे पथ्य मासळीचे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तिथे गरी टाकू नये. १ जून ते ३१ जुलै हा राज्यातल्या यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. माशांच्या विणीच्या या दिवसांत हौसेची गरीही घरीच ठेवावी. पिल्ले लागली तर सोडून द्यावीत. आपण एका संध्याकाळपुरते येतो, पण या खाडीवर इथली घरे वर्षभर चालतात.

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसालमार्गे मालवण साधारण दीडशे किलोमीटर. पुढे तारकर्ली आणि देवबाग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुक्काम गावातल्या घरगुती निवासात करावा. अशा अनेक घरांत मासेमारी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, त्यामुळे होडी, माहीतगार माणूस आणि पकडलेली मासळी शिजवून देणारी चूल एकाच छपराखाली मिळते. मालवणला निघालातच, तर मुक्काम एका रात्रीने वाढवा आणि सुट्टी ठरवताना कॅलेंडरवरच्या तारखेखालची तिथीही वाचा.