फुसफुसणारं अस्वल आणि गप्प अस्वल

समजा, तुम्ही कॅनडातल्या एका जंगलात पायवाटेनं चालला आहात. वळण आलं आणि समोर वीस-पंचवीस पावलांवर काळं अस्वल! मादी आहे, सोबत दोन पिल्लं. पिल्लं सरसर झाडावर चढली. आई मात्र खालीच उभी. ती नाकातून भस्‌ भस्‌ आवाज काढते, दातांवर दात आपटून टकटक वाजवते, पुढच्या पंजानं जमिनीवर दाणकन थाप मारते. मग थेट तुमच्या अंगावर धावून येते आणि मधेच थबकते.

आता दुसरं अस्वल बघा. हा एकटा नर आहे. भस्‌ भस्‌ नाही की टकटक नाही. झाडाआडून नुसता टक लावून बघतोय. तुम्ही चार पावलं चाललात की तोही चार पावलं येतो.

सांगा बरं, जास्त भ्यायचं कुणाला?

मी तरी डोळे मिटून म्हटलं असतं, पिल्लांच्या आईला! पण कॅनडातले शास्त्रज्ञ स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या वाटण्यावर भरवसा ठेवला नाही. अमेरिका आणि कॅनडात १९०० ते २००९ या ११० वर्षांत रानातल्या काळ्या अस्वलांनी किती माणसं मारली, याच्या सगळ्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. आकडा निघाला ६३. त्या भागात काळी अस्वलं आहेत काही लाख! म्हणजे बहुतेक सगळी अस्वलं माणसाचा वास आला की काढता पायच घेतात.

पण खरी गंमत पुढं आहे. जीव घेणाऱ्या दर १०० हल्ल्यांपैकी सुमारे ८८ हल्ले शिकारीसाठी केलेले होते. आणि शिकारीच्या त्या हल्ल्यांपैकी १०० तले ९२ एकट्या नरांनी केलेले. पिल्लांच्या आया त्यात अगदीच थोड्या.

असं का? घरातलं मांजर आठवा. कुत्रा समोर आला की ते पाठीची कमान करतं, शेपूट फुगवतं, फिस्कारतं. त्याला भांडायचं नसतं, कुत्र्यानं निघून जावं एवढंच हवं असतं. तेच मांजर चिमणीवर टपून बसलं की आवाज करतं का? मिशीसुद्धा हलवत नाही! पिल्लांची आई फिस्कारणारं मांजर आहे, तर गप्प नर टपलेलं मांजर.

शिवाय काळ्या अस्वलाच्या पिल्लांना झाडावर चढता येतं. पिल्लं वर सुखरूप असली की आईला जिवावर उदार होऊन लढायची फारशी गरज उरत नाही.

म्हणून तिथले जाणकार सांगतात, आवाज करणारी आई दिसली तर तिच्याशी शांतपणे बोलत, तिच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरका. गप्प नर मागं लागला तर मात्र शांत राहू नका. सगळे एकमेकांना चिकटून उभे राहा, हात उंच करा, ओरडा, दगड मारा. अंगावर आलाच तर हातात असेल त्यानं लढा. पळायचं कधीच नाही, कारण अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पळतं. झाडावर चढून तर काहीच उपयोग नाही, तेही चढतं! अनेक जण सोबत अस्वलासाठीचा खास फवारा ठेवतात. त्यात काय असतं माहीत आहे? आपल्या मिरचीला जे तिखट करतं, तेच द्रव्य!

अजून एक आकडा. जीव घेणाऱ्या १०० हल्ल्यांपैकी ९१ वेळा माणसं एकटी किंवा दोघंच होती. ‘पण जंगलात बरेचसे लोक दोघं-दोघंच जात असतील तर?’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर शाब्बास! आकडा समोर आला की असाच प्रश्न विचारायचा असतो.

आणि अस्वल माणसाजवळ येतं तरी कशाला? पुष्कळदा खाण्याच्या वासानं. हिवाळ्याआधी ते दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. उघडा कचऱ्याचा डबा म्हणजे त्याला पंगतच! अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बरीच मराठी माणसं राहतात आणि तिथल्या सगळ्या २१ काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) काळी अस्वलं दिसली आहेत. तुमची आत्या किंवा मामा तिथं असेल तर फोनवर नक्की विचारा, ‘कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावता ना?’

शेवटी एक महत्त्वाचं. हे सगळं उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाबद्दल आहे. आपल्या मेळघाटात आणि ताडोब्यात राहणारं अस्वल वेगळ्या जातीचं. ते वाघांच्या शेजारात वाढलेलं, कदाचित म्हणूनच अचानक समोर आलेल्या माणसावर चटकन तुटून पडतं. वर सांगितलेले नियम त्याला लावू नका. आपल्या जंगलात गेलात की वनरक्षक आणि गाईड सांगतील तसंच वागा.