ॲबॅकसचा क्लास लावण्याआधी : मणी, मराठी आकडे आणि पालकांचा खिसा

जून उजाडला की नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात आणि लातूरच्या ट्यूशन एरियात नीट-जेईईच्या फलकांच्या जोडीला आता ॲबॅकसचेही फलक लागतात. पाच-सहा वर्षांचे मूल, डोळे मिटलेले, बोटे हवेत आणि बाजूला लिहिलेले असते, ‘तुमचा मुलगा कॅल्क्युलेटरपेक्षा वेगवान’. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवतो. गेल्या वर्षी शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीची आई भेटायला आली. चार घरची धुणीभांडी करते. तिचा प्रश्न एकच होता, “सर, पोरीला ॲबॅकस लावू का? ज्यांच्याकडे कामाला जाते त्यांच्या पोराला लावलंय. माझी मागं पडायला नको.”

तिला तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगणे मला जमले नाही. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत आज हाच प्रश्न आहे आणि फी भरण्याआधी ही वस्तू नेमकी काय आहे हे पालकांना कळायला हवे.

आपल्यातल्या जुन्या लोकांना मण्यांची पाटी आठवत असेल. पाटीच्या लाकडी चौकटीत तारा आणि प्रत्येक तारेवर दहा मणी. तो मणी मोजण्याचा प्रकार होता. सात म्हणजे सात मणी सरकवायचे. जपानी ॲबॅकस, ज्याला तिकडे सोरोबान म्हणतात, तो वेगळा आहे. त्याच्या प्रत्येक उभ्या काडीवर पाचच मणी असतात. मधल्या आडव्या पट्टीच्या वर एक आणि खाली चार. वरच्या मण्याची किंमत पाच, खालच्या प्रत्येकाची एक. पट्टीला टेकलेला मणी मोजायचा, पट्टीपासून लांब असलेला मोजायचा नाही. म्हणजे सात दाखवायला वरचा मणी खाली आणि खालचे दोन वर. उजवीकडची काडी एककाची, तिच्या डावीकडे दशक, मग शतक. आपण वहीत आकडे ज्या क्रमाने लिहितो त्याच क्रमाने.

खरी गंमत बेरजेत आहे. काडीवर चार आहेत आणि त्यात तीन मिळवायचे आहेत. खाली एकही मोकळा मणी उरलेला नाही. मग वरचा पाचाचा मणी खाली घ्यायचा आणि दोन मणी परत करायचे, कारण तीन म्हणजे पाच वजा दोन. क्लासमध्ये याला ‘स्मॉल फ्रेंड’ म्हणतात. आता सातात सहा मिळवू. एकाच काडीवर हे मावत नाही. दशकाचा एक मणी वर घ्यायचा आणि एककातून चार काढायचे, कारण सहा म्हणजे दहा वजा चार. हा ‘बिग फ्रेंड’. एककात खालचे मणी दोनच आहेत, चार काढता येत नाहीत. म्हणून पाचाचा मणी उचलायचा आणि खालचा एक वर घ्यायचा. उरले तीन, दशकात एक. उत्तर तेरा. वाचताना हे किचकट वाटेल, पण आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांना दोन-तीन आठवड्यांत ते सवयीचे होते. आपण ज्याला ‘हातचा’ म्हणतो तो इथे डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो. हातच्याच्या वजाबाकीत अडकलेल्या मुलांसाठी एवढी एकच गोष्टही मोलाची आहे.

हे यंत्र मूळचे जपानचे नाही. चीनमधला सुआनपान सोळाव्या शतकाच्या सुमारास जपानात पोचला. त्यात वर दोन आणि खाली पाच मणी होते, त्यामुळे पाच ही संख्या दोन प्रकारे मांडता येई. खालचे पाचही मणी घ्या किंवा वरचा एक घ्या. जपानी लोकांनी जास्तीचे मणी हळूहळू काढून टाकले आणि १९३०च्या दशकात वर एक, खाली चार ही रचना रूढ झाली. आता प्रत्येक अंकाचे चित्र एकच. सात म्हटले की एकच आकृती, दुसरी नाहीच. डोळे मिटून गणित करायचे ते या एकमेव चित्रावर. मुले आधी खऱ्या मण्यांवर काम करतात, मग मणी समोर नसताना बोटे हलवतात, मग बोटेही थांबतात. जपानी भाषेत या मनातल्या गणिताला ‘अन्झान’ म्हणतात. जपानच्या प्राथमिक शाळांत तिसरी-चौथीच्या गणितात सोरोबानची ओळख आजही करून दिली जाते.

क्लासवाले एक गोष्ट हमखास सांगतात आणि ती खरी आहे. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत अमेरिकन सैन्यातला थॉमस वूड विजेवर चालणारे गणनयंत्र घेऊन बसला आणि जपानी टपाल खात्यातला कियोशी मात्सुझाकी सोरोबान घेऊन. सोरोबान ४ विरुद्ध १ असा जिंकला. यंत्राने जिंकलेला एकमेव प्रकार होता गुणाकाराचा. हा तपशील मात्र फलकावर नसतो. शिवाय मात्सुझाकी हा रोज सोरोबानवर हिशेब करणारा, मुरलेला माणूस होता. दोन महिन्यांचा क्लास केलेला मुलगा नव्हता.

आता मराठी शाळेतल्या मुलांच्या अडचणीकडे येतो. ही अडचण मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसली नाही.

ॲबॅकसवर संख्या डावीकडून उजवीकडे मांडतात, आधी दशक आणि मग एकक. जपानी भाषेत तेवीसला ‘दोन-दहा-तीन’ अशा अर्थाचा शब्द आहे. कानावर जो क्रम येतो तोच बोटांचा. इंग्रजीत ‘ट्वेंटी थ्री’, तिथेही तोच क्रम. मराठीत मात्र ‘तेवीस’, म्हणजे तीन आधी आणि वीस नंतर. शिक्षक म्हणतात ‘अठ्ठावन्न’, मुलाच्या कानात आधी आठ पडतो, बोट दशकाच्या काडीवर आठ मांडते आणि मग पाच. झाले पंच्याऐंशी. ‘एकोणसाठ’ तर आणखी फसवे. कानाला साठ ऐकू येते आणि मांडायचे असतात पाच आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा, नव्व्याण्णव तेवढा सुटला. मूल गणितात चुकत नाही, भाषांतरात चुकते. त्यात मिनिटाला अमुक उदाहरणांचा तगादा असतो. आणि घरी निरोप येतो, ‘तुमच्या मुलाचे लक्ष नसते.’

यावरून २०१९ सालचा वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेत प्रश्न आला, मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून विनोदही झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्या अवघड जातात. बहुतेकांना तो मराठीवरचा घाला वाटला. मलाही तेव्हा थोडे तसेच वाटले होते, कबूल करतो. वर्गात ॲबॅकस आणल्यावर बाईंचे म्हणणे पटले. आता मी पहिले काही महिने ‘पन्नास आठ’ म्हणतो, मुले मणी मांडतात आणि सगळे मिळून मोठ्याने म्हणतो ‘अठ्ठावन्न’. दोन्ही शब्द टिकतात.

आपल्या भागात याला एक वेगळाच पुरावा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या ज्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांच्या कानात तेवीस म्हणजे ‘इरवै मूडु’, वीस आणि तीन. उदगीर-देवणीकडे कन्नड बोलणाऱ्या घरांतही दशक आधी. सीमेवरचे हे मूल मराठी आकड्यांत अडखळले तर त्याला ‘ढ’ म्हणण्याऐवजी घरच्या भाषेत आकडा सांगून बघावा. ॲबॅकसवर त्याची बोटे बरोबर जागी जातात. उर्दू बोलणाऱ्या मुलांची अडचण मात्र मराठीसारखीच आहे. तिथेही ‘तेईस’मध्ये तीन आधी येतो.

बहुतेक क्लासमध्ये आकडे इंग्रजीतून सांगतात, ते या एका कारणाने सोयीचे पडते. पण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ‘फोर्टी’ की ‘फोर्टीन’ हेच आधी उलगडावे लागते. पालकांनी पहिल्याच दिवशी विचारावे, आकडे कोणत्या भाषेत सांगता? मराठीतून सांगाल का? इथे उत्तर टाळले गेले तर दुसरा क्लास बघावा.

आता फलकावरच्या दाव्यांकडे. ‘डावा-उजवा मेंदू जागृत’, ‘स्मरणशक्ती दुप्पट’, ‘सर्व विषयांत प्रगती’. याची नीट तपासणी आपल्याच देशात, गुजरातेतल्या बडोद्याच्या एका शाळेत झाली आहे. डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०४ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले आणि तीन वर्षे त्यांचा माग ठेवला. एका गटाला ॲबॅकस, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीच्या गणिताचा जादा सराव. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲबॅकसवाली मुले आकडेमोडीत पुढे गेली. स्मरणशक्ती, एकाग्रता अशा सर्वसाधारण बौद्धिक क्षमतांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. आणि फायदाही सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्या मुलांना सुरुवातीपासूनच डोळ्यांपुढे चित्र धरून ठेवणे सोपे जात होते, त्यांना तो जास्त झाला.

याचा सरळ अर्थ असा की ॲबॅकसने आकडेमोड सुधारते, हे खरे. ॲबॅकसने मूल हुशार होते, ही जाहिरात. आणि वर्षभर करूनही एखाद्याला मनात मणी दिसत नसतील तर त्यात त्याचा काही कमीपणा नाही. त्याने खऱ्या मण्यांवर गणित करावे, वहीत करावे, पाढे म्हणावेत. आपल्याकडे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असलेली माणसे बाजारात उभ्याउभ्या सव्वा सहा किलोचा हिशेब सांगत. त्यांनी सोरोबान पाहिलाही नव्हता.

लातूर पॅटर्नच्या सावलीत राहणाऱ्या पालकांना आणखी एक आशा असते, पुढे नीटला उपयोग होईल. नीटमध्ये कॅल्क्युलेटर चालत नाही आणि १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे हात चालता असलेला बराच. पण तिथे दशांश, घातांक आणि अंदाज लागतो. आठ आकडी संख्यांची पंधरा ओळींची बेरीज तिथे कोणी विचारत नाही. त्याआधीची परीक्षा पाहा. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात, त्यात अंकगणिताचे २०. तिथे अपूर्णांक, लसावि, शेकडेवारी, नफा-तोटा येतो. शंकरनगरच्या किंवा लातूरच्या नवोदयचे स्वप्न बघणाऱ्या मुलाला वेगाइतकीच गरज आहे ती उदाहरण वाचून ‘इथे बेरीज की भागाकार’ हे ओळखण्याची. ते मणी शिकवत नाहीत. माझ्या वर्गातला एक मुलगा पाच ओळींची बेरीज क्षणात सांगायचा आणि ‘रमाकडे १२ पेरू होते, ते सलमापेक्षा ४ ने जास्त, तर सलमाकडे किती?’ याला झटकन सोळा म्हणायचा.

पैशांचे गणितही करू. बहुतेक अभ्यासक्रमांत आठ-दहा पातळ्या असतात आणि एकेक पातळी तीन-चार महिन्यांची. फलकावरची फी पहिल्या पातळीची असते. तिला आठाने गुणा, त्यात पुस्तके, बॅग, टी-शर्ट, प्रत्येक पातळीची परीक्षा आणि पुण्या-मुंबईला स्पर्धेला जाण्याचा खर्च मिळवा. मग ठरवा. उसने काढून हा क्लास लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या आईला मी शेवटी एक घरगुती उपाय दिला. जमिनीवर खडूने एक आडवी रेघ ओढायची, तिला छेदणाऱ्या तीन उभ्या रेघा काढायच्या. प्रत्येक उभ्या रेघेवर आडव्या रेघेच्या वर एक चिंचोका आणि खाली चार. झाला शतकापर्यंतचा सोरोबान. खालचे चिंचोके अंगठ्याने वर ढकलायचे, खाली आणायचे ते तर्जनीने. वरच्या चिंचोक्यालाही तर्जनीच. पहिला महिना फक्त संख्या मांडणे आणि वाचणे, दुसऱ्यात पाचाची जोडी, नंतर दहाची. रोज पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. बाजारातला साधा ॲबॅकस नंतरही घेता येतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची दोन मुले तयार झाली तर पंधरा-वीस लहानग्यांचा गट सहज चालतो.

तीन महिन्यांनी त्या आईने सांगितले की मुलगी आता किराणा दुकानात उरलेले पैसे स्वतः मोजून घेते. पन्नासची नोट दिली आणि सदतीसचे सामान घेतले की ‘तीस सात’ असे पुटपुटते, बोटे फ्रॉकवर हलवते आणि तेरा रुपये मागते. दुकानदार अजून कॅल्क्युलेटर शोधत असतो.