अकूस्टिक गिटारचा पिकअप : ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये निर्वाणा या बँडने 'एमटीव्ही अनप्लग्ड'साठी वादन केलं. कर्ट कोबेनच्या हातात १९५९ची मार्टिन डी-१८ई ही अकूस्टिक गिटार होती. कार्यक्रमाचा बाज विजेच्या वाद्यांविना वाजवण्याचा. पण त्या गिटारच्या साउंडहोलमध्ये बार्टोलिनी कंपनीचा चुंबकीय पिकअप बसवलेला होता आणि त्याची वायर फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारच्या अँपकडे गेली होती. तो अँप प्रेक्षकांना साधा मॉनिटर वाटावा म्हणून त्याच्यापुढे खोकंही उभं केलं होतं. हीच गिटार जून २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरना गेली आणि ती विकत घेतली एका मायक्रोफोन कंपनीच्या संस्थापकाने.

त्या रात्रीचं वादन आजही जगभर अकूस्टिक वादनाचा नमुना म्हणून ऐकलं जातं आणि त्यात काही गैर नाही. मात्र तो आवाज कसा निघाला हे कळलं, की दुकानात आणि तालमीच्या खोलीत पिकअपबद्दल ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी गळून पडतात. पिकअप गिटारचा आवाज जसाच्या तसा उचलत नाही. तो एका ठरावीक जागेची हालचाल उचलतो. कोणत्या जागेची, हे आधी ठरवावं लागतं आणि ते ठरतं आपण कुठे वाजवणार आहोत त्यावरून. पिकअपची किंमत आणि नाव हे प्रश्न त्यानंतरचे.

गैरसमज : चांगला पिकअप म्हणजे गिटारच्या आत बसवलेला माइक.

माइक हवा ऐकतो. बहुतेक अकूस्टिक गिटारमध्ये असतो तो पिकअप पीझो जातीचा, आणि तो दाब मोजतो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं. याच तत्त्वावरची एक पातळ पट्टी ब्रिजमधल्या खाचेत, तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलच्या खाली बसते. तार छेडली की सॅडल त्या पट्टीवर कमी-जास्त दाबलं जातं आणि तेवढाच बदल वायरीतून पुढे जातो. समोर हातभर अंतरावर बसून आपण ऐकतो तो आवाज वेगळा असतो. त्यात वरच्या फळीचं हलणं असतं, पोटातल्या हवेचं घुमणं असतं, खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज असतो. सॅडलखालच्या पट्टीपर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून माणसाचं गाणं ऐकावं, तसं ते आहे.

जोरात स्ट्रोक मारल्यावर येणारा टोचरा, प्लॅस्टिकसारखा आवाज यातूनच येतो. प्लेक्ट्रम तारेवर आपटतो त्या क्षणी सॅडलवर एकदम मोठा दाब येतो. पिकअपचा संकेत वाढवणारा प्रीअँप तेवढा झटका पेलू शकला नाही, तर आवाजाचा माथा कापला जातो. म्हणजे दोष पुष्कळदा त्या पट्टीत नसतो, तिच्या पुढे असलेल्या स्वस्त प्रीअँपमध्ये असतो.

तरीही सॅडलखालचा पिकअप पन्नासेक वर्षं टिकून राहिला आहे. अमेरिकेतल्या ओव्हेशन कंपनीने १९७०च्या सुमारास तो कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा ड्रम आणि इलेक्ट्रिक बासच्या शेजारी उभं राहून अकूस्टिक गिटार ऐकू येणं हीच मोठी गोष्ट होती. आजही पूर्ण बँडबरोबर वाजवायचं असेल तर तो भरवशाचा आहे. एकटं गायचं, बोटांनी वाजवायचं, श्रोते शांत बसून ऐकणार, अशा बैठकीसाठी मात्र मी ब्रिजप्लेटवरचे पिकअप निवडेन. ब्रिजच्या बरोबर खाली, गिटारच्या आतून, कठीण लाकडाची एक पट्टी असते, ती ब्रिजप्लेट. के अँड के कंपनीच्या 'प्युअर मिनी'मध्ये तिच्यावर तीन छोट्या पीझो चकत्या चिकटवतात. त्या फळीबरोबर हलतात, म्हणून आवाजात लाकूड जास्त येतं. आणि घरी फक्त रेकॉर्डिंग करायचं असेल तर पिकअपवर पैसे घालूच नका. एक बरा कंडेन्सर माइक घ्या आणि गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर वीत-दीड वीत अंतरावर ठेवा.

गैरसमज : अकूस्टिकच्या तारा ब्राँझच्या, त्यावर चुंबकीय पिकअप चालत नाही.

ब्राँझ असतं ते वरच्या गुंडाळीचं. आतला गाभा पोलादाचाच असतो आणि साउंडहोलमधला चुंबकीय पिकअप तो गाभा ओळखतो. अडचण निघते ती वेगळीच. पहिल्या दोन तारांवर गुंडाळी नसते, त्या नुसत्या पोलादाच्या. त्यामुळे चुंबकाला त्या जास्त ठळक दिसतात आणि दुसरी तार बाकीच्यांना झाकून टाकते. म्हणूनच बऱ्याच चांगल्या साउंडहोल पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली वर-खाली होणारा स्क्रू असतो. दुसऱ्या तारेखालचा स्क्रू खाली घ्यायला दोन मिनिटं लागतात, पण तो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. नायलॉनच्या तारांवर मात्र चुंबकीय पिकअप खरोखरच चालत नाही. तिथे पीझो किंवा माइक हेच मार्ग.

गैरसमज : पॅसिव्ह पिकअपचा आवाज पातळच येतो.

या गैरसमजापायी कित्येक चांगले पिकअप काढून टाकले जातात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. पॅसिव्ह म्हणजे ज्याच्याबरोबर गिटारमध्ये प्रीअँप नाही, बॅटरी नाही. असा पीझो विजेच्या दृष्टीने एका छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. तो ज्या मिक्सरला किंवा अँपला जोडाल, त्याच्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, आणि पिकअपची कपॅसिटन्स मिळून एक चाळणी तयार होते, आणि त्या चाळणीत खर्ज अडकतो. कुठून खाली अडकतो, याचा हिशेब सोपा आहे. समजा पिकअपची कपॅसिटन्स एक नॅनोफॅरड आहे. तो ५० किलो-ओमच्या इनपुटला जोडला तर साधारण ३२०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. एक मेगा-ओमच्या इनपुटला जोडला तर ही हद्द १६० हर्ट्झवर येते आणि दहा मेगा-ओमला १६ हर्ट्झवर. गिटारच्या सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तोच पिकअप, तीच गिटार, आणि एका जागी पत्र्यासारखा आवाज तर दुसऱ्या जागी भरदार खर्ज.

गिटार मिक्सरला जोडून देणारा, साउंडवाल्याकडचा साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स पीझोला पुरत नाही, कारण त्याचा इनपुट इम्पिडन्स एक-दीड लाख ओमच्या घरातला असतो. किमान एक मेगा-ओमचा ॲक्टिव्ह डीआय किंवा अकूस्टिकसाठी बनवलेला प्रीअँप हवा, आणि तो आपल्याच पिशवीत असावा. ब्रिजप्लेटवरच्या तीन चकत्या एकत्र जोडलेल्या असल्याने त्यांची कपॅसिटन्स जास्त असते आणि त्या एक मेगा-ओमवर सुखाने चालतात. बजेट तोकडं असेल तर मी महागड्या पिकअपऐवजी मध्यम पिकअप आणि चांगला प्रीअँप घ्यायला सांगेन.

इलेक्ट्रिक गिटारच्या अँपचा मुद्दाही इथलाच. त्याच्या स्पीकरला ट्वीटर नसतो आणि पाचेक हजार हर्ट्झच्या वर तो फारसं काही देत नाही. कोबेनने तसाच अँप वापरला होता. तारांची झळाळी हवी असेल तर अकूस्टिकचा अँप किंवा सरळ पीए, म्हणजे सभागृहाची ध्वनियंत्रणा.

गैरसमज : गिटार जितकी भारी, तितका प्लग लावल्यावरचा आवाज भारी.

गिब्सनने १९५४ मध्ये जे-१६०ई ही गिटार आणली. फिंगरबोर्डच्या टोकाला चुंबकीय पिकअप, आणि वरची फळी चक्क प्लायवूडची. फळी जितकी जिवंत, तितकी ती स्पीकरच्या आवाजानेही थरथरते. ती थरथर पिकअप उचलतो, स्पीकर ती मोठी करून परत फळीवर आदळतो आणि फीडबॅक सुरू होतो. प्लायवूड त्या मानाने निबर, म्हणून स्टेजवर शांत. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ मध्ये हीच गिटार घेतली, आणि १९६४च्या 'आय फील फाइन'च्या सुरुवातीला मुद्दाम ठेवलेला फीडबॅक लेननच्या जे-१६०ईचाच आहे. निबर फळीसुद्धा स्पीकरजवळ नेली की बोलू लागते, हेही त्यातून दिसतं.

एकसंध लाकडाच्या फळीची गिटार बसून ऐकायला नक्कीच सुंदर असते. पण मोठ्या आवाजाच्या स्टेजवर तीच आधी घुमते. ड्रेडनॉट आकाराच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरच्या 'जी'जवळ. त्या सुरावर गिटार हुंकार देऊ लागली तर साउंडहोलला रबरी झाकण लावा, मॉनिटरपासून थोडं बाजूला व्हा आणि प्रीअँपवर नॉच, म्हणजे एकच सूर कापणारं बटण, असेल तर तो त्या जागी आणा. सगळा खर्ज कापून टाकणं हा शेवटचा उपाय.

गैरसमज : भोक पाडलं की गिटारचा आवाज जातो.

जॅकसाठी पट्टा अडकवायच्या मागच्या पिनेच्या जागी सुमारे १२ मिलिमीटरचं भोक करतात. तिथे आत जाड लाकडाचा ठोकळा असतो, आवाजाशी त्याचा संबंध नगण्य. भीती बाळगायचीच तर कडेच्या फळीत चौकोनी खिडकी कापून बसवायच्या प्रीअँपची बाळगा. त्या डब्यातली इलेक्ट्रॉनिक्स बिघडते, तो प्रीअँप मिळेनासा होतो आणि खिडकी तशीच राहते. नवीन पिकअप बसवताना साउंडहोलच्या काठाला आतून चिकटणारी छोटी कंट्रोल बटणं पुरतात. जुनी, मौल्यवान गिटार असेल तर मात्र जॅकचं भोकही करू नका, साउंडहोलमधला काढता-घालता येणारा पिकअपच वापरा.

गैरसमज : वाजवत नसलो तर बॅटरी संपत नाही.

केबलचा प्लग जॅकमध्ये आहे तोवर बॅटरी चालू असते. प्लगमुळेच जॅकमधले दोन संपर्क जोडले जातात आणि सर्किट सुरू होतं. जॅक स्टिरिओ असतो तो यासाठीच, केबल मात्र साधी मोनोच लावायची. रात्री केबल काढून ठेवा.

गैरसमज : पट्टी सॅडलखाली सरकवली की काम झालं.

खरं काम इथे सुरू होतं. एखादी तार जोरात आणि शेजारची दबकी ऐकू येत असेल, तर दहातल्या नऊ वेळा पिकअप नाही, खाच वाकडी आहे, असं मी समजतो. खाचेचा तळ सपाट हवा, सॅडलचा खालचा काठ सपाट हवा, आणि सॅडल खाचेत बोटाने काढता-बसवता येईल इतपत सैल हवं. घट्ट बसलेलं सॅडल खाचेच्या भिंतींवरच टेकून राहतं, पट्टीवर दाब पोचत नाही. फार सैल असेल तर पुढे कलतं. पट्टी घेताना तिची रुंदी खाचेशी जुळवा, बाजारात २.३ आणि ३.२ मिलिमीटर ही दोन मापं जास्त दिसतात. जॅकचं भोक सरळ ड्रिलने मोठं करू नका, ड्रिल लाकडात अडकून पॉलिश फोडतं. भोवती मास्किंग टेप लावून रीमरने हळूहळू वाढवायचं. ब्रिजप्लेटवरच्या चकत्या सुपरग्लूच्या जेलने चिकटवाव्यात. दुहेरी चिकटपट्टी मऊ असते, ती कंपनं मुरवते आणि उकाड्यात सरकते.

पट्टी खाली गेल्याने सॅडल तिच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण एक मिलिमीटर, वर येतं. तेवढं ते खालून घासावं लागतं. आपल्याकडे यात ऋतू बघावा लागतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. वरची फळी ओल पिऊन फुगते, ब्रिज उचलला जातो, तारा फिंगरबोर्डपासून दूर जातात. अशा वेळी ॲक्शन जास्त आहे म्हणून सॅडल खूप घासलं, तर हिवाळ्यात फळी खाली बसल्यावर तारा फ्रेटवर करकरू लागतात. पावसाळ्यात पट्टीच्या जाडीइतकंच घासा, बाकीचं दिवाळीनंतर.

कारागिराकडून गिटार घेताना प्लग लावून सहाही तारा एकेक करून, सारख्या जोराने वाजवून बघा. ताणाखाली पट्टी बसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आठवड्याने पुन्हा बघा. आणि घासायचं ते हाडाचं नवं सॅडल. जुनं सॅडल कागदात गुंडाळून गिटारच्या केसमध्ये ठेवायला सांगा. पुढे पिकअप काढायची वेळ आली, तर ते परत बसवलं की ॲक्शन मूळच्या जागी येते.