ठिपक्यांची ओळखपरेड

मंडळी, सुट्टीच्या संध्याकाळी लुसैलच्या मरिनावर फेरफटका मारताना आपल्याला पाण्यात काय दिसतं? बोटी आणि इमारतींचे दिवे. पण याच समुद्रात, रास लफ्फानपासून सुमारे ८० किलोमीटरवर, अल शाहीन तेलक्षेत्रात दर उन्हाळ्यात व्हेल शार्क जमतात. कधीकधी तर शंभराच्या वर! हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण स्वभावाने अगदी शांत.

शास्त्रज्ञांना याचा सुगावा लागला तो तिथे तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांच्या फोटोंमुळे. मग रीतसर अभ्यास सुरू झाला. हे मासे इथे येतात कशाला, याचं उत्तर २०१३ साली छापून आलं : टूना माशाची (आपला कुपा हो!) अंडी खायला.

पण आज दिसलेला मासा कालचाच की दुसरा, हे ओळखायचं कसं? इथे आम्हा संगणकवाल्यांची कॉलर ताठ होते. प्रत्येकाच्या अंगावरचे पांढरे ठिपके वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. कल्ल्यामागच्या भागाचा फोटो घ्यायचा, ठिपक्या-ठिपक्यांचे त्रिकोण मांडायचे आणि जुन्या फोटोंशी ताडून बघायचे. ही पद्धत मूळची आकाशातले तारे जुळवण्याची. २००५ साली एक सॉफ्टवेअरवाला, एक खगोलशास्त्रज्ञ आणि एक सागरी जीवशास्त्रज्ञ यांनी मिळून ती या माशांना लावली. २०१० ते २०१४ या काळात आपल्या आणि ओमानच्या आखातात असे ४२२ मासे ओळखले गेले. काही तर पुन्हा पुन्हा इथेच परततात.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१६ पासून हा मासा जागतिक यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो, त्यामुळे जहाजांची धडक बसते. कुठे, कधी येतो हे ठाऊक असेल तरच त्याला जपता येईल.

आपल्या कोकणातही तो जाळ्यात अडकतो. त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, म्हणजे कोळीबांधवांच्या पोटावर पाय. म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली.

'माझ्या एका फोटोने काय होणार?' असं त्या कामगारांनी म्हटलं असतं तर? देणगीचंही तसंच आहे, मंडळी. फूल ना फुलाची पाकळी... ठिपके जुळले की चित्र तयार होतंच!