संकरित टॅबलेट संगणक

संकरित टॅबलेट संगणक म्हणजे ज्याचा कळफलक (कीबोर्ड) हवा तेव्हा जोडता व हवा तेव्हा काढता येतो, असा टॅबलेट. कळफलक जोडला की तो लॅपटॉपसारखा वापरता येतो. काढून ठेवला की हाती उरते ती स्पर्शपडद्याची पाटी. बाजारात या प्रकाराला ‘टू-इन-वन’ किंवा ‘डिटॅचेबल’ ही नावे रूढ आहेत. ज्याचा पडदा पूर्ण मागे वळतो पण सुटा होत नाही, त्या लॅपटॉपला ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. तो प्रकार वेगळा असून या लेखात त्याचा विचार केलेला नाही.

‘संकरित’ हा शब्द महाराष्ट्रातील वाचकाला बियाण्यांमुळे अधिक परिचयाचा आहे. १९६०च्या दशकात आलेल्या संकरित ज्वारीने धान्याचा उतारा वाढवला. मात्र ताटे बुटकी झाल्याने कडबा घटला, आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या रब्बी ज्वारीच्या मुलखात भाकरीसाठी मालदांडीची पसंती कायम राहिली. संकरात एक गुण मिळवताना दुसरा काही अंशी सोडावा लागतो, आणि या यंत्राच्या बाबतीतही नेमके काय सोडावे लागते हे खरेदीपूर्वी कळणे आवश्यक असते. ज्या घरात मुलांच्या शिक्षणासाठी एकच यंत्र घेण्याची ऐपत आहे, तेथे ‘एकात दोन’ हे शब्द फार मोहक वाटतात.

रचना

नेहमीच्या लॅपटॉपमध्ये मुख्य मंडळ (मदरबोर्ड), बॅटरी आणि साठवणीचे भाग कळफलकाच्या खाली बसवलेले असतात. पडदा त्या मानाने हलका असतो, त्यामुळे मांडीवर ठेवूनही यंत्र स्थिर राहते. संकरित टॅबलेटमध्ये हे गणित उलटे होते. कळफलक काढल्यावरही यंत्र चालू राहायचे असल्याने सर्व भाग पडद्याच्या मागेच बसवावे लागतात. वरची बाजू जड आणि खालची हलकी होते, व यंत्र मागे कलंडू पाहते. या प्रकारातील बहुतेक तडजोडींचे मूळ येथे आहे.

तोल सावरण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पडद्याच्या पाठीला उघडणारा टेकू. यात कळफलक पातळ व हलका ठेवता येतो. परंतु टेकूला पडद्याच्या मागे जागा लागते. टेबलावर अडचण येत नाही, पण शाळेच्या अरुंद, उतरत्या बाकावर किंवा मांडीवर टेकू घसरतो. दुसरा मार्ग म्हणजे कळफलकाचा भाग मुद्दाम जड करणे. मग वजनाचा लाभ संपतो. २०२० मधील १२.९ इंची आयपॅड प्रोचे वजन ६४१ ग्रॅम होते. त्याच वर्षी आलेला त्याचा मॅजिक कीबोर्ड सुमारे ७०० ग्रॅमचा. दोन्ही मिळून भार १.२९ किलोच्या तत्कालीन मॅकबुक एअर या लॅपटॉपपेक्षा अधिक भरला.

कळफलक टॅबलेटला दोन प्रकारे जोडला जातो. धातूच्या बारीक टाचण्या व लोहचुंबक यांनी जोडलेल्या कळफलकाला टॅबलेटमधूनच वीज मिळते. ब्लूटूथने जोडलेला कळफलक दूर ठेवूनही चालतो; मात्र तो वेगळा चार्ज करावा लागतो आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत आली असतानाच त्याची बॅटरी उतरल्याचे ध्यानात येते.

इतिहास

नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॅबलेटसाठी विंडोज एक्सपीची स्वतंत्र आवृत्ती आणली. त्या पिढीतील कॉम्पॅक टीसी१००० या यंत्राचा कळफलक सुटा होत असे. कल्पना पूर्ण होती, पण त्यातील ट्रान्समेटा कंपनीचा प्रोसेसर मंद होता. २०१० मध्ये आयपॅड आला आणि बोटाने चालवायच्या पाटीची सवय जगाला लागली. २०११ मध्ये आसुसच्या ट्रान्सफॉर्मरने कळफलकातच दुसरी बॅटरी बसवली. त्यामुळे कळफलकाचे वजन निरुपयोगी न राहता यंत्राचा कार्यकाळ वाढला.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टचा सरफेस बाजारात आला. जाहिरातीत रंगीत कळफलक ठळक दिसत असला, तरी ४९९ डॉलरच्या मूळ किमतीत तो समाविष्ट नव्हता. त्यासह किंमत ५९९ डॉलर होई. कळफलकाची किंमत वेगळी आकारण्याची ही रीत आजही अनेक कंपन्यांनी चालू ठेवली आहे. पहिल्या सरफेसमधील विंडोज आरटी प्रणालीवर विंडोजचे जुने प्रोग्रॅम चालत नसत. ग्राहकांचा भ्रमनिरास झाला आणि जुलै २०१३ मध्ये न विकल्या गेलेल्या साठ्यापोटी कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला. २०१४ मधील सरफेस प्रो ३ ने पडदा रुंदट न ठेवता ३:२ प्रमाणाचा केला व टेकू हव्या त्या कोनात थांबू लागला.

भारतात या विषयाची चर्चा स्वस्त टॅबलेटपासून सुरू झाली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र शासनाने विद्यार्थ्यांसाठी सात इंची ‘आकाश’ टॅबलेट जाहीर केला. पुढे या प्रकल्पात मुंबईच्या आय.आय.टी.ने मोठा वाटा उचलला. त्याच सुमारास बाजारात रेक्झिनच्या आवरणात शिवलेला यूएसबी कळफलक मिळू लागला. सात इंचांच्या त्या आवरणात मोठ्या माणसाची दहा बोटे मावत नसत. पण टॅबलेटला कळफलक हवा, ही गरज ग्राहकाने स्वतःच ओळखली होती. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सने कॅनव्हास लॅपटॅब सुमारे १५ हजार रुपयांत आणला. त्यात साठवण ३२ जीबी होती. या वर्गातील यंत्रांत विंडोजने आपली जागा घेतल्यावर वापरणाऱ्याच्या वाट्याला थोडीच उरते, आणि प्रणालीच्या पुढील अद्ययावत आवृत्त्या उतरवून घेणे कठीण होऊन बसते.

मराठी लेखन आणि कळफलक

इंग्रजीतील परीक्षणांत क्वचितच आढळणारा, परंतु मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लेखनाचा आहे. टॅबलेट आडवा धरला असता पडद्यावरील कळफलक जवळपास निम्मी जागा व्यापतो. उरलेल्या जागेत निबंधाच्या मोजक्या ओळी दिसतात. आधीचा परिच्छेद डोळ्यांसमोर राहत नाही. देवनागरीत स्वर, व्यंजने आणि मात्रा मिळून चिन्हे रोमनपेक्षा कितीतरी अधिक असल्याने पडद्यावरील कळा एकतर बारीक होतात किंवा दोन-तीन थरांत विभागाव्या लागतात. चार ओळींचा निरोप लिहिण्यास ही सोय पुरते. प्रकल्पवही किंवा प्रबंध लिहिण्यास पुरत नाही.

म्हणून जोड कळफलक हवाच. तो निवडताना मात्र एक बारकावा पाहावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण मानल्या गेलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत डाव्या हाताला स्वर व मात्रा, तर उजव्या हाताला व्यंजने येतात. इंग्रजीत उजव्या कडेच्या ज्या कळांवर विरामचिन्हे व कंस असतात, त्यांवर इन्स्क्रिप्टमध्ये च, ट, ड आणि य ही अक्षरे बसवलेली आहेत. ‘ऑफिस’, ‘डॉक्टर’ या शब्दांतील ॲ-ऑ वर्गातील ‘ॉ’ हे चिन्ह आणि ‘कृषी’तील ‘ृ’ हेही त्याच बाजूला आहे. दहा इंची यंत्रांच्या कळफलकात जागा वाचवण्यासाठी निर्माते बहुधा नेमक्या याच कडेच्या कळा अर्ध्या रुंदीच्या करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण चौकटी कंस दिवसातून किती वेळा लागतो? ‘य’ मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतो. त्यामुळे इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्याने अकरा ते तेरा इंची, पूर्ण रुंदीच्या कळांचे यंत्र घ्यावे, आणि घेण्यापूर्वी दुकानात ‘याचिका’, ‘चौकट’, ‘डोंगराच्या’ असे शब्द लिहून पाहावेत. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतील तर बिघडत नाही. सरावाने बोटे जागा ओळखतात.

ज्यांचे काम जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये चालते, त्यांची अडचण निराळी आहे. छपाई व्यवसायात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी दीर्घकाळ रुळलेली आहे. अशा विंडोजसाठी बनवलेल्या प्रणाली अँड्रॉइड टॅबलेटवर किंवा आयपॅडवर, कितीही उत्तम कळफलक जोडला तरी, बसवता येत नाहीत.

कळफलक काढल्यावर मिळणारे लाभही खरे आहेत. गूगलने ऑगस्ट २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. लेखणीने (स्टायलस) गणिताची पायरी मांडणे किंवा जीवशास्त्राची आकृती काढणे लॅपटॉपवर माऊसने करण्यापेक्षा कितीतरी सुलभ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. टॅबलेट उभा धरल्यास त्यांचे पूर्ण पान एका दृष्टिक्षेपात येते, तर रुंदट लॅपटॉपवर तेच पान वर-खाली सरकवत वाचावे लागते.

क्षेत्रकार्यातील उपयोग

ज्या कामाचा अर्धा भाग उभ्याने आणि अर्धा बसून होतो, तेथे या यंत्राची बलस्थाने दिसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्याला प्रक्षेत्रावर पिकाची छायाचित्रे व निरीक्षणे टिपायची असतात आणि संध्याकाळी त्यांचा तक्ता व अहवाल करायचा असतो. हिवरे बाजारसारख्या गावात जलसंधारणाच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यालाही हेच लागू पडते: विहिरीच्या काठावर पाटी, टेबलावर कळफलक. याउलट, काम केवळ दारात उभे राहून करायचे असेल तर कळफलकाचा खर्च अनाठायी ठरतो. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेत देशभर नोंदी घेण्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले कळफलकाविना टॅबलेट वापरले गेले, ते याच कारणाने. आणि काम पूर्णतः बैठे असेल, तर त्याच किमतीचा साधा लॅपटॉप जलद प्रोसेसर, अधिक साठवण आणि चांगला कळफलक देतो. बारावीनंतर संगणकशास्त्राकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला संकरित यंत्र घेऊन देणे हा बहुधा चुकीचा निर्णय असतो.

उष्णता, धूळ आणि दुरुस्ती

पातळ टॅबलेटमध्ये पंख्याला जागा नसते. यंत्र तापले की प्रोसेसर आपली गती स्वतःच कमी करतो. ॲपल व मायक्रोसॉफ्ट यांनी अशा यंत्रांच्या वापरासाठी सांगितलेली तापमानमर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. नगर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी व्हिडिओवर्ग चालू असताना यंत्र मंदावणे हा म्हणून दरवेळी बिघाड नसतो. तेथे चार्जिंग काढणे, कळफलकाचे आवरण पाठीवरून दूर करणे आणि यंत्र सावलीत ठेवणे एवढा उपाय पुरेसा होतो. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर उन्हाचा नव्हे, तर पावसाळी दमटपणाचा त्रास असतो. तेथे जोडटाचण्या कोरड्या कापडाने पुसत राहाव्या लागतात.

दुरुस्ती ही या प्रकाराची सर्वांत कमकुवत बाजू आहे. लॅपटॉपचा कळफलक किंवा बॅटरी तालुक्याच्या गावीही बदलून मिळते. संकरित टॅबलेटमध्ये बॅटरी बहुधा डिंकाने चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी पडदा उचकटावा लागतो. त्यात पडदा तडकण्याचा धोका असतो. २०१३ मध्ये आयफिक्सिट या संस्थेने पहिल्या सरफेस प्रोला दुरुस्तीसुलभतेसाठी १० पैकी १ गुण दिला होता. त्यानंतरच्या काही मॉडेलांत सुधारणा झाली असली, तरी सुटे भाग व कुशल कारागीर यांसाठी पुण्याची वाट धरावी लागते, हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

कळफलक हरवला किंवा निकामी झाला तर त्याच मॉडेलचा मिळावा लागतो, आणि मॉडेल बंद झाले की तो मिळणे दुरापास्त होते. अशा वेळी कोणताही साधा यूएसबी किंवा ब्लूटूथ कळफलक जोडून काम भागते. ज्या यंत्रांचा टेकू कळफलकाच्या आवरणातच असतो, त्यांना मात्र मग भिंतीचा किंवा पुस्तकांच्या चळतीचा आधार द्यावा लागतो.